शाळेची नवी परसबाग : आधी सावली मोजा, मग खड्डा खणा



शाळेच्या मागील मोकळ्या जागेत भाजीची बाग आणि एक छोटे हरितगृह करायचे ठरत आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर आले असेल. देवास गेटसारख्या गजबजलेल्या भागात, एकीकडे बसगाड्यांचे भोंगे आणि दुसरीकडे स्टेशनची वर्दळ असताना, आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद मोकळी जमीन हाताशी असणे ही चैनच आहे. ती वाया जाऊ नये म्हणून हा पाठ.

स्पष्टच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मुलांबरोबर अशीच एक बाग लावली होती. मार्चपर्यंत मेथी, मुळा, टोमॅटो सगळे झकास होते. मेमध्ये सुट्टी लागली. जूनमध्ये येऊन पाहतो तर वाळलेल्या काड्या आणि भेगाळलेली जमीन. चूक मुलांची नव्हती, शिपाईमामांची तर नव्हतीच. चूक माझ्या आराखड्याची होती. मी बियांची यादी केली होती, पण ऊन, माती, पाणी आणि सुट्टी यांचा हिशेब केला नव्हता. या वेळी तो आधी करू.

१. ऊन

आपले उज्जैन सुमारे 23.2 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताला अगदी लागून आहे. त्यामुळे 21 जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने उभारलेल्या आणि 1923 मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झालेल्या आपल्या वेधशाळेत, शंकुयंत्रावर हे आजही पाहता येते.

बागेच्या दृष्टीने मात्र दुसरे टोक जास्त महत्त्वाचे. 22 डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून फक्त सुमारे 43 अंश वर असतो. त्या वेळी एक मीटर काठीची सावली उत्तरेकडे जवळजवळ 1.06 मीटर पडते. आपल्या जागेच्या दक्षिणेला दोन मीटर उंच कुंपणभिंत आहे, म्हणजे थंडीत तिची सावली दोन मीटरहून थोडी जास्त आत येणार. आणि माळव्यात भाजीचा खरा हंगाम थंडीचाच!

म्हणून भिंतीलगतचा दोन मीटरचा पट्टा भाजीला द्यायचा नाही. तिथे खताचा खड्डा आणि पाण्याची टाकी. दोघांनाही सावली मानवते. उरली आठ बाय चार मीटर जागा. तिच्या पश्चिमेकडील तीन मीटरमध्ये हरितगृह आणि पूर्वेकडील पाच मीटरमध्ये वाफे. हरितगृहाची सावली दुपार कलल्यावर लगतच्या वाफ्यावर येईल. तिथे पालक, कोथिंबीर अशा कमी उन्हात भागवून घेणाऱ्या भाज्या. दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा मांडव नेहमी उत्तरेच्या कडेला, म्हणजे त्याची सावली कोणाच्या वाट्याला जात नाही.

२. माती

आपली माती म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती. विदर्भ-खानदेशात कापूस पिकवते तीच. ती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण. पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हा अवगुण. पावसाळ्यात अशा जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडतात. म्हणून सपाट वाफे नकोत. 15 ते 20 सेंटीमीटर उंच गादीवाफे करू.

प्रत्येक वाफा एक मीटर रुंद, चार मीटर लांब. एक मीटरच का? कारण पाचवीतील मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वाफ्यावर पाय देऊन माती दाबायची नाही. तीन वाफे आणि अर्ध्या मीटरच्या चार वाटा, झाले पाच मीटर. आकडेमोड बरोबर जुळते का, ते तुम्ही ताडून पाहा.

फुगणारी-आकसणारी हीच माती हरितगृहाचे खांबही हलवते. म्हणून खांबांचे खड्डे पुरेसे खोल घेऊन त्यांत काळी माती न भरता मुरूम ठासून भरावा.

३. खत

खतासाठी लांब जायला नको. 1924 मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदुरात वनस्पती संशोधन संस्था सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांच्या थरांपासून खत करण्याची पद्धत बसवली. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले पुस्तक 1931 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर जन्मलेली ही विद्या आपल्या शाळेत नसावी, हे बरे नव्हे.

रीत सोपी आहे. पाचोळ्याचा जाड थर, त्यावर शेणाचा पातळ थर, वर थोडी माती आणि राख. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. तीन महिन्यांत तीन वेळा वरखाली करायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचायचा.

४. पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. थंडीत वाफ्याला दिवसाला अंदाजे चार मिलिमीटर धरू. तीन वाफ्यांचे क्षेत्र 12 चौरस मीटर, म्हणजे 48 लिटर. हरितगृहातील रोपांना 12 लिटर. एकूण 60 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या चार बादल्या.

उज्जैनला वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. छताचा 100 चौरस मीटर भाग धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी 72,000 लिटर पाणी मिळते. ऐकायला छान! पण टाकी 5,000 लिटरचीच असेल तर बाकीचे वाहून जाणार. आणि 5,000 भागिले 60 म्हणजे 83 दिवस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरलेली टाकी डिसेंबरच्या उत्तरार्धात संपेल. पुढे हात धुण्याच्या नळाखालचे, साबण नसलेले पाणी वळवून मार्चपर्यंत निभावता येईल. एप्रिल-मेमध्ये मात्र नाही. ज्या शहरात उन्हाळ्यात घरोघरी पाणी जपून वापरावे लागते, तिथे पिण्याचे पाणी वांग्यांना घालणे योग्यही नाही.

५. मग उन्हाळ्याचे काय?

इथेच मी मागे चुकलो होतो. उन्हाशी लढायचे नाही, त्यालाच कामाला लावायचे. सुट्टी लागण्यापूर्वी वाफे रिकामे करून एकदा भरपूर भिजवायचे, त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातील तणांचे बी आणि पुष्कळशी रोगकारक बुरशी उष्णतेने नष्ट होते. शाळा बंद, पाणी बंद, तरी बाग काम करीत राहते.

६. हरितगृह कशासाठी?

थंड देशांत हरितगृह ऊब धरण्यासाठी बांधतात. ऊन आत शिरते, जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, पण काच तिला बाहेर जाऊ देत नाही. 1909 मध्ये रॉबर्ट वूड या शास्त्रज्ञाने एका साध्या प्रयोगातून दाखवले, की आतील उष्णतेचे मोठे कारण ही कोंडलेली हवाच आहे. यावरून ध्यानात घ्या: चारी बाजूंनी बंद प्लॅस्टिकघर आपल्या मे महिन्यात भट्टी होईल.

विश्वस्त मंडळाला म्हणूनच विनंती, की मोठ्या बंद पॉलिहाउसचा विचार करू नये. तीन बाय चार मीटरचा साधा सांगाडा, बाजूंना 50 टक्के सावलीची जाळी आणि वर काढता-घालता येणारा प्लॅस्टिकचा कागद पुरेसा आहे. जुलैच्या धारांपासून कोवळी रोपे वाचवणे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोमॅटो-फुलकोबीची रोपे तयार करणे आणि जानेवारीत पाला पडलाच तर झाकण देणे, एवढेच त्याचे काम. उरलेला पैसा टाकीवर खर्च व्हावा.

७. पाट्या

शेवटी एक छोटी गोष्ट. वर्गात विचारले तेव्हा ‘गिलकी’ सर्वांना माहीत होती, ‘घोसाळे’ तिघांनाच. लौकी म्हणजे दुधी, तुरई म्हणजे दोडका, टिंडे म्हणजे ढेमसे, बथुआ म्हणजे चाकवत. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून हिंदी आपलीच झाली आहे, त्यात कमीपणा नाही. पण आजीच्या तोंडचा शब्द भाजीबरोबरच टिकला तर बरे. प्रत्येक वाफ्यावर दोन्ही नावांची पाटी लावू. मराठी नाव आजी-आजोबांना विचारून मुलांनी स्वतः लिहावे.

स्वाध्याय

१) 5,000 लिटरची टाकी भरण्यासाठी वरील छतावर किती मिलिमीटर पाऊस पडावा लागेल? (उत्तर 62.5 आले पाहिजे.)
२) एक मीटरची काठी उभी करून दर महिन्याच्या 22 तारखेला मध्यान्हीची सर्वांत लहान सावली मोजा व वहीत लिहा.
३) दुधीचे नर-फूल व मादी-फूल ओळखा. जाळीच्या आत मधमाशी आली नाही, तर फळ धरण्यासाठी आपण काय करावे?
४) घरी विचारून अशा पाच भाज्या लिहा, ज्यांचे मराठी नाव तुम्हाला आजवर माहीत नव्हते.