बावट्याचा आकडा
(समुद्रावरील हवामान व त्याचे इशारे : भूगोलाच्या अध्यापनासाठी पाठ)

किनाऱ्यावरील शाळेतील विद्यार्थ्यांस ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य नवे नसते. बंदरावरून ही वार्ता आली की होड्या वर ओढल्या जातात, जाळी आवरली जातात, हे तो लहानपणापासून पाहत असतो. परंतु पाच नंबर व सात नंबर यांत फरक काय, असे विचारले असता ‘सात म्हणजे अधिक मोठे वादळ’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चूक आहे. हीच समजूत प्रौढांतही आढळते. म्हणून पाठाचा आरंभ येथूनच करणे इष्ट होय.

भारतीय बंदरांवरील इशाऱ्यांच्या एकंदर खुणा अकरा आहेत. नाव बावटा असले तरी दिवसा खांबावर शंकू व नळकांडी यांच्या आकृती चढवितात आणि रात्री तांबडे व पांढरे दिवे लावतात. पहिल्या दोन खुणा दूरच्या समुद्रासंबंधी असून त्या बंदर सोडून जाणाऱ्या जहाजांसाठी असतात. तिसरी व चौथी खूण प्रत्यक्ष बंदरास सावध करते. पाच, सहा व सात या तिन्ही धोक्याच्या खुणा होत, व त्यांतील धोका एकाच दर्जाचा असतो. वादळ बंदरास आपल्या मार्गाच्या डावीकडे ठेवून जाणार असेल तर पाच, उजवीकडे ठेवून जाणार असेल तर सहा, आणि बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात. आठ, नऊ व दहा या खुणांत हाच क्रम तीव्र वादळासाठी येतो. अकरावी खूण सर्वांत विलक्षण आहे : हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे, एवढेच ती सांगते. लहान बंदरांत यांपैकी सर्वच खुणा वापरतात असे नाही.

डावी-उजवीचा एवढा विचार कशासाठी, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारीलच, आणि त्याच्या उत्तरातच चक्रीवादळाची सारी रचना सामावलेली आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले की त्यावरील बाष्पयुक्त हवा वर चढते, बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि मध्यभागी हवेचा दाब उतरत जातो. भोवतालची हवा तिकडे धाव घेते. पण पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे नव्हे, तर परिवलनामुळे ती सरळ न जाता वळते. (या दोन शब्दांतील गल्लत येथे आवर्जून दूर करावी.) उत्तर गोलार्धात हे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. विषुववृत्तालगतच्या सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात ही वळविणारी शक्ती फारच क्षीण असल्याने तेथे पाणी उष्ण असूनही चक्रीवादळे क्वचितच जन्मतात.

आता फळ्यावर एक वर्तुळ काढून त्यात बाण दाखवावेत, आणि ते वर्तुळ उत्तरेकडे सरकत आहे असे समजावे. फिरणारा वारा ताशी १०० किलोमीटर व वादळाची स्वतःची गती ताशी २० किलोमीटर धरली, तर उजव्या बाजूस ढोबळमानाने दोहोंची बेरीज होते आणि डाव्या बाजूस वजाबाकी. हे उदाहरण गणिताच्या तासासही उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष घडलेल्या दोन वादळांवरून हे स्पष्ट करता येते. ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्याचा मार्ग ईशान्येकडे होता. मार्गाच्या उजवीकडे पडलेल्या दापोली, मंडणगड या भागांतही घरांची व नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी झाली. मुंबई डावीकडे राहिली व तिला अपेक्षेइतका तडाखा बसला नाही. म्हणून मुंबईपुरता अंदाज चुकला असे मानणे न्याय्य ठरणार नाही. पुढील वर्षी ‘तौक्ते’ किनाऱ्यास समांतर उत्तरेकडे गेले व १७ मे २०२१ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढले. ते कोकणात भूमीवर आलेच नाही. तरी कोकणची सारी बंदरे त्याच्या उजव्या हातास होती.

खुल्या समुद्रावर वादळाचे केंद्र कोठे आहे हे ओळखण्याचा एक जुना नियम हॉलंडमधील शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास, उत्तर गोलार्धात, कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताकडे, किंचित पुढे असते. मुलांना मैदानात उभे करून हा नियम शिकवावा. मात्र दररोजच्या खाऱ्या व मतलई वाऱ्यांना तो लागू पडत नाही, हे सांगण्यास विसरू नये. नाहीतर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावरून मुले रोज एक वादळ शोधून काढतील.

हवामानवार्ता वाचण्याचा सराव हा या पाठाचा दुसरा भाग. वार्तेत वादळाचे स्थान अक्षांश-रेखांशांत येते. ते नकाशावर टिंबाने दाखविण्यास लावावे. वेग पुष्कळदा ‘नॉट’मध्ये दिलेला असतो. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. वारा ३४ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटरपर्यंत पोहोचला की भारतीय हवामान विभाग त्यास चक्रीवादळ म्हणतो. ६४ नॉटपासून ते अति तीव्र गणले जाते. पुढील दिवसांचा मार्ग दाखविताना नकाशावर एक रुंदावत जाणारा पट्टा काढलेला असतो. तो वादळाचा आकार नव्हे. केंद्र कोठून कोठपर्यंत असू शकेल याची ती मर्यादा आहे, आणि काळ जितका लांबचा तितकी ती अधिक रुंद. शिवाय वादळ किनाऱ्यावर येण्याची वेळ व भरतीची वेळ यांचाही मेळ घालून पाहावा. उधाणाच्या भरतीवर वादळाने लोटलेले पाणी चढले, तर ते खाडीतून दूरवर आत शिरते.

लाटांविषयी थोडे सांगावे. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला व किती लांब पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर ठरते. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून केरळच्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा तेथे वारा नसतो व आकाश निरभ्र असू शकते. तेथील लोक त्यांस ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरासारखा आलेला समुद्र, म्हणतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचे इशारे आता आगाऊ देते.

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ आहेत : पावसाळ्याच्या आरंभीचे मे-जून, आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पण वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगातील मोठ्या तफावतीमुळे चक्रीवादळाचा घाट जमत नाही. पावसाळी मासेमारीबंदीमुळे जून-जुलैत बहुतेक नौका किनाऱ्यावरच असतात. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा दूरवर जातात. त्यामुळे नौकांच्या दृष्टीने दुसरा काळ विशेष धोक्याचा. ११ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर आलेले ‘फयान’ याच काळातील होते.

बावटा बंदरात लागतो; जो आधीच समुद्रात गेला त्याला तो दिसत नाही. ‘ओखी’ वादळ ३० नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळाच्या पदास पोहोचले. त्याची वाढ अतिशय जलद झाली, आणि केरळ व तमिळनाडूतील अनेक नौका त्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या. पुष्कळ मच्छीमार परतले नाहीत. कित्येक नौका वाहत, भरकटत पार देवगडपर्यंत आल्या. भ्रमणध्वनीची हाक किनाऱ्यापासून सुमारे १०-१२ किलोमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. उपग्रहामार्फत इशारा स्वीकारणारे उपकरण २०१९ पासून मच्छीमारांसाठी उपलब्ध झाले आहे.

म्हणून पाठाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून एक कार्य करवून घ्यावे. ज्यांच्या घरची नौका समुद्रात जाते त्यांनी घरी तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून आणावीत : नौका किती दिवसांसाठी जाते, निघण्यापूर्वी तितक्या दिवसांचा अंदाज कोण पाहतो, आणि समुद्रात असता इशारा कोणत्या साधनाने कळतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे राहिल्यास शिक्षकांनी ती वही बाजूस न ठेवता त्या घरच्या तांडेलांची भेट घ्यावी. ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी हे होणे आवश्यक आहे.