कॅसेटमधले आबाजी संगणकात

आमच्या आबाजींना मी पाहिले नाही. पण २००४ साली मंडईत ते दंडारीत नाचले, त्याची छोटी मिनी डीव्ही कॅसेट आमच्या पेटीत होती. यंदा दिवाळीत मामांनी ती संगणकात उतरवली. मी जवळच बसलो होतो.

आधी कॅसेटची खिटी सरकवली. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरत नाही. मग कॅमेरा फायरवायर नावाच्या तारेने संगणकाला जोडला. फितीवर चित्र आकड्यांत असते. या तारेतून ते आकडे जसेच्या तसे जातात. टीव्हीची पिवळ्या टोकाची तार लावली, तर चित्र थोडे अंधुक होते. नव्या संगणकाला फायरवायरची जागा बहुधा नसते, म्हणून मामांनी जुनाच संगणक आणला.

एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, आणि जागा लागते सुमारे १३ जीबी! मधेच मी त्यावर गाणे लावले, तर चित्र अडकले. सेकंदाला २५ चित्रे येतात, त्यातली काही सुटली. मामा रागावले. पुन्हा पहिल्यापासून केले.

मोबाईलसाठी लहान नक्कल वेगळी करावी. मोठी फाईल पुसू नये, कारण लहान केल्यावर गेलेले बारकावे परत येत नाहीत. आम्ही ती दोन ठिकाणी ठेवली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण कुठेच मिळत नाही.

आबाजींचे घुंगरू वाजले तेव्हा आजी म्हणाली, "आवाज वाढव ना रे बापू."