लेकराची सीट तिकिटातच जोडून घे

बाई, विमानाच्या दारात उभं राहून भांडणारा माणूस कितीही खरा असला तरी तिथं हरतो. मागं माणसं ताटकळलेली, पुढं हसून 'मॅडम, प्लीज' म्हणणारी एअर होस्टेस, आणि कडेवर रडणारं लेकरू. तुझ्या मामाची अख्खी नोकरी जालना आगारात तिकिटं फाडण्यात गेली, म्हणून सांगतो, कोण कुठं बसणार याचा निकाल गाडी हलायच्या कितीतरी आधी लागलेला असतो. फलाटावर गाडी लागता लागता खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. विमानातला रुमाल म्हणजे पीएनआर, तिकिटावरचा बुकिंग नंबर.

जावईबापू मागून येणार आणि तू दोन्ही लेकरं घेऊन एकटी मुंबईमार्गे बंगळुरूला निघणार, तर तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढ. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यायची, आणि तशी दिल्याची नोंदही ठेवायची. म्हणजे हे कंपनीचे उपकार नाहीत. पण नियम नीट वाच. 'निदान एकाजवळ' म्हटलंय. आई, बाबा, आजी, आत्या अशी सगळी माळ एका ओळीत बसवू, असं कुणी कबूल केलेलं नाही. खिडकी देऊ असंही नाही. आणि पीएनआर वेगळा असेल, तर संगणकाच्या लेखी तू त्या लेकराची कुणीच नाहीस.

मग पीएनआर वेगळे होतात कसे? स्वस्ताईच्या नादात. एकाच विमानातल्या सारख्याच सीटा कंपनी वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत विकते. स्वस्त कप्प्यात दोनच उरल्या आणि तू एकदम चार मागितल्यास, तर सहसा चौघांनाही वरचा दर लागतो. हुशार एजंट मग दोघांचं एक तिकीट काढतो, दोघांचं दुसरं, आणि 'पैसे वाचवले बघा' म्हणतो. वाचतातही. पण घाईत त्यानं आईबाप एका तिकिटात घातले आणि लेकरू दुसऱ्या तिकिटात भलत्याबरोबर टाकलं, की वाचलेले पैसे सीट विकत घेण्यात जातात. फोडायचंच असेल तर प्रत्येक तिकिटात लेकराचं आपलं माणूस पडेल असं फोड, आणि कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकाच घरचे असल्याची नोंद करायला सांग. घरातली सगळीच निघाली असतील, लग्नाबिग्नाला, तर एका तिकिटात साधारण नऊच नावं बसतात. नवाच्या पुढं गेलात की यादी हातात घेऊन बस आणि लेकरं आधी वाटून घे, मोठे नंतर.

एजंटाकडं गेलीस तर समोर बसून दोन गोष्टी बघून घे. पहिली, लेकराचं वय. दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात अख्खी सीट घ्यावी लागते आणि भाडंही जवळपास मोठ्यांइतकंच. मग काही जण कंटाळा करून लेकराला 'अ‍ॅडल्ट'च्या रकान्यात टाकतात. भाड्यात फरक पडत नाही, पण संगणकाला त्या तिकिटात लेकरू दिसतच नाही. तो तुझ्या सहा वर्षांच्या पोराला कर्ता पुरुष समजून विसाव्या ओळीत नेऊन बसवतो. आमच्या एसटीत पाचपर्यंत फुकट आणि पाच ते बारा अर्धं, म्हणून आपल्या लोकांना वयाची घासाघीस करायची सवय लागलेली. विमानात वय लपवून काही मिळत नाही, उलट जातं. खरी जन्मतारीख टाक आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेव. तान्हं मांडीवर न्यायचं असेल तर काउंटरवर दाखला बघतातच. आणि जाताना पावणेदोन वर्षांचं असलेलं लेकरू येताना दोन पूर्ण करत असेल, तर परतीला त्याला सीट लागते, तेही आधीच मोज.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबर. एजंट स्वतःचा टाकतो. विमानाची वेळ बदलली, विमान बदललं, चेक-इन उघडलं, सगळे निरोप त्याच्या दुकानात वाजत राहतात आणि आपण घरी चिवडा भरत बसतो. नंबर तुझाच घालायला लाव.

आता चेक-इन. देशातल्या विमानांचं वेब चेक-इन बऱ्याच कंपन्या ४८ तास आधी उघडतात. उघडल्या उघडल्या बस. सकाळचं विमान असेल तर दोन दिवस आधीच्या सकाळी, दुपारी जेवणं उरकल्यावर नव्हे. पडद्यावर रंगीबेरंगी सीटा येतात, प्रत्येकीवर रुपये लिहिलेले. बघणाऱ्याला वाटतं, यातली एक घेतल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. तसं नसतं. आवडीची सीट ही कंपनीनं वेगळी विकायला काढलेली चीज आहे आणि ती घ्यायची की नाही हे तुझ्यावर. न घेताही बोर्डिंग पास निघतो, फक्त ते बटण कोपऱ्यात बारीक असतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोनं वेब चेक-इनला सगळ्याच सीटांना पैसे लावल्याचं कळल्यावर केवढा गदारोळ झाला होता, विमान वाहतूक मंत्रालयाला 'आम्ही तपासतो' म्हणावं लागलं होतं. तेव्हापासून मी तरी तो पडदा चष्मा लावून वाचतो.

आधी फुकट काय पडतं ते बघ. तिकीट एक आणि वयं खरी असतील तर तिघं जवळ पडायला हवीत. नाही पडली तर स्क्रीनशॉट काढ, मग कंपनीच्या नंबरवर फोन कर आणि नियमाचं नाव घेऊन माग. लगेच पैसे भरू नकोस. घाबरलेल्या आईच्या जिवावरच तर हा धंदा चालतो, मी तरी असंच समजतो.

पण 'एक पैसाही देणार नाही' असा हट्टही धरू नकोस. नियम एका पालकाचा आहे, आणि तू एकटी, लेकरं दोन. दिवाळीचं भरलेलं विमान असेल, धाकटी तापातून उठलेली असेल, तर मागच्या ओळीतल्या तीन सीटा सरळ विकत घे आणि डोकं शांत ठेव. मागच्या ओळी सहसा स्वस्त असतात, मधल्या सीटा त्याहून. पुढच्या ओळीत बसून विमान काही लवकर पोहोचत नाही. आपत्कालीन दरवाजाच्या ओळीत पाय पसरायला जागा दिसते म्हणून तिथं बोट ठेवू नकोस, लेकरांना तिथं बसूच देत नाहीत.

तीन सीटांत कोण कुठं, यावरही माझं मत आहे. थोरला खिडकीला, धाकटी मध्ये, तू वाटेच्या कडेला. लोक लेकराला कडेला बसवतात, 'बाहेर काढायला सोपं' म्हणून. अगं, त्या वाटेनं चहाची ट्रॉली जाते, लोकांच्या बॅगा जातात, आणि लेकराचा हात नेमका बाहेर लोंबत असतो. तू कडेला असलीस तर उठणं, पिशवी काढणं, संडासला नेणं, सगळं कुणाच्या पाया न पडता होतं.

तुझी जाऊ बरोबर असेल आणि दोघींच्याही मांडीवर तान्ही असतील, तर एकाच बाजूच्या तीन सीटांत दोघी मागू नका. तिथं देत नाहीत, आणि त्यात कंपनीची खोडी नाही. डोक्यावरून जे ऑक्सिजनचे मास्क खाली पडतात, त्यात त्या तिघांवर जादा मास्क सहसा एकच असतो. दोन तान्ह्यांना तो पुरणार कसा? एकीनं इकडे, एकीनं वाटेच्या पलीकडे बसायचं. हात लांब केला की डबा पोहोचतो.

त्या मास्कवरूनच कळतं, लेकरू जवळ असणं हा लाडाचा विषय नाही. 'आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा' असं एअर होस्टेस दर वेळी सांगते. लेकरू चार ओळी मागं असेल तर त्याचा कोण लावणार? विमान घाईनं रिकामं करायची वेळ आली तर कुठली आई पुढच्या दारानं निघून जाईल? ती गर्दीच्या उलट मागंच धावणार. म्हणूनच कॅनडानं २०१९ पासून वयावर अंतर ठरवून दिलंय: पाचच्या आतलं मूल पालकाच्या अगदी शेजारी, पाच ते अकराचं त्याच ओळीत आणि मध्ये फार तर एक सीट सोडून, बारा-तेराचं फार तर एक ओळ पुढं-मागं. आणि तेही जादा पैसे न घेता. युरोपातल्या रायनएअरची तऱ्हा वेगळी: १२ वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर एका मोठ्या माणसाला सीट विकत घ्यावीच लागते, मग मुलांना शेजारी फुकट देतात. मला कॅनडाची पद्धत पटते. आपल्या नियमात अंतर असं मोजून दिलेलं नाही, म्हणून तोंड उघडून मागावं लागतं.

मागायचं कुठं? काउंटरवर. तिथला माणूस संगणकात सीट बदलू शकतो. तिथं नाही जमलं तर गेटवर विमानात चढवायला सुरुवात होण्याआधी. आतली एअर होस्टेस फार तर दुसऱ्या प्रवाशाला विनंती करते, तिच्या हातात एवढंच. म्हणून वेळेत पोहोच. चिकलठाण्याचा विमानतळ आपल्याला सोयीचा, जालन्याहून बदनापूर, करमाड करत गेलं की संभाजीनगर शहरात शिरायच्या आधीच लागतो. पण शेंद्र्याच्या एमआयडीसीजवळ कामगारांच्या बसेस सुटायची वेळ गाठू नकोस. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्याच्याही तासभर आधी तू तिथं हवीस. आणि बोलायचं ते असं: 'बारा वर्षांच्या आतली दोन मुलं आहेत, तिघांचा पीएनआर एक आहे, डीजीसीएच्या नियमाप्रमाणे जवळ सीट द्या.' आवाज चढवायचा नाही, पण 'आत गेल्यावर अ‍ॅडजस्ट होईल' या उत्तरावर सरकायचंही नाही. सुपरवायझरला बोलवा म्हणायचं. मी कंडक्टर होतो, मला माहीत आहे, 'पुढं बघू' म्हणजे 'दुसऱ्याच्या गळ्यात टाकू'.

एवढं करूनही आत गेल्यावर अदलाबदल करायची वेळ आलीच, तर घेण्याआधी देणं बघ. खिडकीवाल्याला खिडकी द्यायची, कडेवाल्याला कड. स्वतःची मधली सीट दाखवून कुणाची पैसे मोजून घेतलेली खिडकी मागितली, तर तो नाही म्हणेल आणि तो चुकीचा नाही. एकट्यानं निघालेल्या माणसाला पहिलं विचार, जोडप्याला नको. लेकरू त्याच्या मांडीवर ठेवून 'आता बघा तुम्हीच' असा प्रकार तर मुळीच नको. असं करणाऱ्या बाया मी एसटीतही पाहिल्यात, पुढच्या थांब्यापर्यंत अख्खी गाडी त्यांच्या नावानं बोटं मोडते. लेकरं असलेल्यांना बऱ्याचदा आधी चढू देतात, तेव्हा लाजू नकोस. रिकाम्या विमानात बोलणी सोपी होतात.

मुंबईपुरतंच जायचं असेल, तर माझं ऐकशील? वंदे भारत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्यापासून सुरू झाली, २०२५ पासून नांदेडहून येते, पण जालन्याला थांबतेच. लेकरांना उठता-बसता येतं आणि कान दुखत नाहीत. पण तुला पुढं बंगळुरू गाठायचंय, तेव्हा विमानच.

कानांचं निघालं म्हणून सांगतो, विमान खाली उतरायला लागलं की धाकटीला घोटघोट पाणी पाज. लेकरांचं दूध, पातळ खाणं आत नेऊ देतात, तपासणीत वेगळं काढून दाखवायचं. मोसंबी सोलून डब्यात ने, बाहेर कुठं तसली मिळत नाही. गोळी चघळायला देऊ नकोस, झोपेत घशात अडकायची.

आणि कुणी चुकीचं वागलंच, तर बोर्डिंग पास फाडून टाकू नकोस. त्याचा फोटो, सीटांचा स्क्रीनशॉट, काउंटरवर किती वाजता काय म्हणाले ते मोबाइलवर लिहून ठेव. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंही भागलं नाही तर जालन्यात जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथं कागद बोलतो, म्हणून कागद जपायचा.

मुंबईला उतरून पुढचं विमान धरायचंय ना, तर हे सगळं दोनदा बघायचं. पहिल्या विमानात जवळ सीट मिळाली म्हणून दुसऱ्यात मिळेलच असं नाही, प्रत्येक विमानाची सीट वेगळी ठरते. विमान आयत्या वेळी बदललं तर सीटांचे आकडेही बदलतात, म्हणून निघायच्या सकाळी घरूनच दोन्ही बोर्डिंग पास पुन्हा उघडून बघ, आणि तिन्ही आकडे मला पाठव.