विरार की बदलापूर?

प्रश्न : अंधेरीत नोकरी असलेल्या कुटुंबाने भाड्याचे घर विरारला घ्यावे की बदलापूरला?

उत्तर : केवळ भाड्याच्या आकड्यावरून हा निर्णय करू नये, कारण पश्चिम रेल्वेवरील विरारहून अंधेरीला थेट लोकल मिळते, तर मध्य रेल्वेवरील बदलापूरहून येणाऱ्यास दादरला गाडी बदलावी लागते किंवा घाटकोपरला मेट्रो धरावी लागते आणि भाड्यातील बचत रोजच्या दगदगीत खर्ची पडते. बदलापुरात उल्हास नदीलगत, तर विरारमध्ये सखल भागात पावसाळी पाण्याची चौकशी तळमजल्यावरील रहिवाशांकडे अवश्य करावी. घर कुठेही घेतले तरी लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे कूळहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी देणारा करार, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अंधेरीच्या नोकरीसाठी विरारच श्रेयस्कर होय.