दीघावूचा शोक आणि सोलापूरचा मार्शल लॉ



आपल्या वस्तीत एखाद्या घरी मृत्यू झाला की आपण पुण्यानुमोदनासाठी जमतो. त्रिशरण-पंचशील होते, परित्राणपाठ होतो आणि बोलायला उभा राहिलेला कार्यकर्ता बहुधा किसा गोतमीची कथा सांगतो. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी त्या मातेला सांगितले. दारोदार फिरून ती रित्या हाताने परतली, पण सत्य समजून परतली. ही कथा थोर आहेच. परंतु ज्याचा माणूस आजाराने वा वार्धक्याने गेला नाही, शस्त्रधारी सत्तेने मारला, त्याला "मृत्यू सर्वांनाच आहे" एवढे सांगून भागते काय? मृत्यू निसर्गाचा आहे, हत्या निसर्गाची नाही. अशा शोकासाठी धम्माजवळ काय शिकवण आहे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत. सोलापूरकरांना हा प्रश्न परका नाही.

सोलापूरचे ते दिवस

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणीकामगारांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण धारातीर्थी पडला. त्याच दिवशी संतप्त जमावाच्या हातून मंगळवार पेठ चौकीचे पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत टिकला. सात आठवडे सोलापूर लष्कराच्या ताब्यात होते. डोक्यावर पांढरी टोपी घालणे किंवा हाती झेंडा धरणे हाही त्या काळात गुन्हा ठरला.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी, घरापासून दूर, पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. हे चौघे निर्दोष होते, अशी सोलापूरच्या जनतेची श्रद्धा आहे.

इतिहासाच्या पुस्तकात हे सारे चार ओळींत संपते. पण ज्या घरातला कर्ता मुलगा गेला त्या घरी ते कसे संपेल? रस्त्यावर शिपायांचा पहारा, चारजण एकत्र जमण्याची चोरी, अशा वेळी आईने कोणाच्या गळ्यात पडून रडावे? परकी सत्ता माणूस तर नेतेच, पण त्याच्यासाठी रडण्याची मोकळीकही नेते. हे दुसरे दुःख आहे आणि ते पहिल्याहून कमी नाही.

दीघावूची कथा

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितलेली एक कथा आहे. काशीचा राजा ब्रह्मदत्त याने कोसलावर स्वारी करून ते राज्य बळकावले. कोसलाचा राजा दीघीति राणीसह वेष पालटून वाराणसीत एका कुंभाराच्या घरी राहिला. तेथेच त्यांना दीघावू हा पुत्र झाला. मुलाच्या जिवाला धोका नको म्हणून त्यांनी त्याला नगराबाहेर ठेवले. पुढे त्यांच्याच जुन्या न्हाव्याने चहाडी केली. राजाराणीच्या मुसक्या बांधून, डोके भादरून, नगारा वाजवीत त्यांची धिंड काढण्यात आली आणि नगराबाहेर नेऊन त्यांचे तुकडे करण्यात आले.

दीघावू त्याच दिवशी आईबापांना भेटायला आला होता. गर्दीतल्या मुलाला पाहून बापाने त्याला उद्देशून सांगितले की, फार लांब पाहू नये, फार आखूडही पाहू नये, कारण वैराने वैर शमत नाही, अवैरानेच शमते. हा मरणाच्या भीतीने बरळतो आहे, असे शिपायांना वाटले.

यानंतर दीघावूने जे केले त्याकडे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. प्रेतांवर पहारा होता. त्याने पहारेकऱ्यांना मद्य पाजले, लाकडे गोळा केली, चिता रचली, अग्नी दिला आणि तीन प्रदक्षिणा घातल्या. मग तो अरण्यात गेला आणि मनसोक्त रडला.

पुढे तो ब्रह्मदत्ताच्याच सेवेत शिरला. शिकारीच्या वेळी थकलेला राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि बापाचे शब्द आठवून तीनदा म्यान केली. राजा दचकून जागा झाला तेव्हा दीघावूने आपली ओळख दिली. आमचे राज्य तू घेतलेस, माझे आईबाप तू मारलेस, हेही त्याने तोंडावर सांगितले. दोघांनी परस्परांना अभय दिले आणि ब्रह्मदत्ताने कोसलाचे राज्य त्याला परत केले.

या कथेतून आपण काय घ्यावे?

१. शोक हा दोष नव्हे. दीघावू रडला, आणि भगवंतांनी ते कथेतून गाळले नाही. "बौद्ध माणसाने रडू नये" असे शोकाकुल घरी जाऊन सांगणारे उपदेशक आम्ही पाहिले आहेत. तो धम्म नव्हे.

२. मृताचा सन्मान हा जिवंतांचा अधिकार आहे. दीघावूने आधी चिता रचली. आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांनुसार श्राद्ध व पिंडदान सोडले, शोकाला आधार देणे सोडलेले नाही. जलदान आणि पुण्यानुमोदन यांचा अर्थ हाच की, एका घराचे दुःख सगळ्या वस्तीने वाटून घ्यावे. ज्यांना त्या काळी उघडपणे रडता आले नाही, त्यांच्या वतीने दरवर्षी १२ जानेवारीला शहर उभे राहते, तेही एका अर्थाने राहून गेलेले पुण्यानुमोदनच होय.

३. "लांब पाहू नये" म्हणजे वैर लांबवू नये. याचा अर्थ अन्याय विसरावा असा मुळीच नाही. दीघावूने सत्य लपवले नाही, ते राजाच्या तोंडावर सांगितले. त्याने फक्त तलवार म्यान केली. चौकीत मारल्या गेलेल्या शिपायांनाही आईबाप होते, बायकामुले होती. त्यांचे अश्रू आपल्या स्मरणात आले म्हणून हुतात्म्यांचे मोल उणे होत नाही.

४. "आखूड पाहू नये" म्हणजे मित्रांशी उतावीळपणे संबंध तोडू नये. सोलापूरसाठी ही शिकवण विशेष मोलाची आहे. चौघांची नावे पुन्हा वाचा. चार वेगवेगळ्या समाजांची ही माणसे एकाच दिवशी, एकाच तुरुंगात फासावर गेली. आज जो तो आपापल्या जातीचा, धर्माचा हुतात्मा निवडून फक्त त्यालाच हार घालू लागला, तर परक्या सत्तेला जे साधले नाही ते आपण आपल्या हाताने करू.

चार हुतात्मा चौकातून आपण कामाला, कॉलेजला, बाजाराला रोज जातो. पुढच्या वेळी क्षणभर थांबावे. चौघांची नावे मनात घ्यावीत, शंकर शिवदारे याचे घ्यावे आणि ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत त्यांनाही मैत्रीभावनेने आठवावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

(१) दीघावूने सूड सोडला, पण सत्य सोडले नाही. उदाहरण देऊन स्पष्ट करा.
(२) किसा गोतमी आणि दीघावू यांच्या शोकातील फरक सांगा.
(३) आपल्या घरातील वा गल्लीतील वडीलधाऱ्यांना मार्शल लॉच्या ऐकीव आठवणी विचारा आणि लिहून ठेवा.

सर्वांचे मंगल होवो!