गुलाबाचा परदेशप्रवास : एक अर्थशास्त्रीय विचार

फूल म्हटले की आपणांस देवपूजा, गजरा किंवा सत्काराचा हार आठवतो. फूल हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाही विषय आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मोगलकाळी 'गुलशनाबाद' म्हणविणाऱ्या नाशिकमध्ये, गंगापूर रोडवर शिकणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी तरी त्याचा विचार करावयास हवा. या रस्त्याच्या कडेच्या मळ्यांच्या जागी आज इमारती आहेत. पण जवळच, दिंडोरी तालुक्यातील जानोरी-मोहाडीकडे, गुलाबाची शेती होते.

रिकार्डोने १८१७ मध्ये तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडला. ज्या देशाला जी वस्तू तुलनेने स्वस्तात करता येते, ती त्याने करावी. ऊन आणि मनुष्यबळ आपल्याकडे मुबलक. मग फुलांची राजधानी नाशिक न होता हॉलंडमधील आल्समीर का झाली?

पहिले कारण बाजारपेठेची संघटना हे होय. लासलगावी कांद्याच्या लिलावात बोली वर चढत जाते. आल्समीरच्या लिलावात घड्याळाचा काटा वरच्या किमतीवरून खाली उतरतो आणि जो व्यापारी प्रथम कळ दाबतो, त्याचा माल होतो. एका कळीसरशी सौदा पुरा! नाशवंत मालाला ही गती फार मोलाची. म्हणूनच केनिया, इथिओपियाची फुलेही तेथे विक्रीस येतात.

दुसरे कारण हवामान. केनियातील नैवाशा विषुववृत्तानजीक, १८०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे दिवस वर्षभर जवळजवळ सारखा आणि रात्री थंड असतात. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर. उन्हाळा कडक आणि पावसाळ्यात ढगाळ हवा. निर्यातयोग्य लांब दांडीचा गुलाब हवा, तर हरितगृह उभारावे लागते आणि त्यासाठी बहुधा कर्ज काढावे लागते.

तिसरे कारण वाहतूक. रिकार्डोने आपल्या उदाहरणात वाहतूकखर्च विचारात घेतला नव्हता. येथे तर तोच निर्णायक ठरतो. आपली द्राक्षे शीतपेटीतून जहाजाने आठवडेच्या आठवडे प्रवास करतात. गुलाब मात्र तोडल्यापासून थंडाव्यात ठेवून बहुधा विमानानेच पाठवावा लागतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपची विमाने थांबली, तेव्हा केनियात फुले अक्षरशः फेकून द्यावी लागली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मागणीच कोसळली आणि हॉलंडमध्येही फुलांचे ढीग नष्ट करण्यात आले.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९८६ मध्ये शेतमालाच्या निर्यातीसाठी 'अपेडा' ही संस्था स्थापन झाली. १९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी लागवड-साहित्य आणणे सुकर झाले. तळेगाव दाभाडे येथे फुलशेतीसाठी स्वतंत्र वसाहत उभी राहिली. तथापि चौदा फेब्रुवारीच्या मागणीवर सारी भिस्त ठेवून कर्ज काढणारा लहान शेतकरी पंधरा तारखेला काय करील, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दोन गोष्टींत दिसते. लग्नसराई व सणांची देशी बाजारपेठ हा पाया मानावा आणि निर्यात ही जोड. दुसरे, एकट्याने जे साधत नाही ते एकत्र येऊन साधावे. १९९१ पासून 'महाग्रेप्स'ने द्राक्षांच्या बाबतीत तो मार्ग दाखविला. सामुदायिक शीतगृह आणि प्रतवारी फुलांनाही तितकीच आवश्यक आहे.

आणखी एक विचार. फुलाबरोबर आपण पाणीही परदेशी धाडतो. नैवाशा सरोवराच्या पाण्यावरून वाद झाले आहेत. गंगापूर धरणाचे पाणी पिणाऱ्या नाशिककरांनी निर्यातीचा नफा मोजताना हाही खर्च हिशेबात धरला पाहिजे.