वेगाची गाडी आणि तिचा ब्रेक

शंकरपट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पटाचा छकडा कसा असतो? हलका. ओझ्याची बैलगाडी कुणी पटात नेत नाही. ओझे कमी, तर बैल जोरात पळतात.

शर्यतीच्या मोटारीचेही असेच आहे. इंग्लंडात जॅग्वार नावाची कंपनी आहे. तिने १९५१ साली शर्यतीसाठी 'सी टाईप' नावाची मोटार बनविली. पोलादी नळ्यांचा सांगाडा केला. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढविला. गाडीचा आकार माल्कम सेयर यांनी ठरविला. ते आधी विमानाच्या कारखान्यात होते. वारा कसा अडवतो, हे त्यांना ठाऊक होते. गाडी हलकी झाली, वाराही कमी अडवू लागला. गाडी भरधाव पळाली.

पण पळणारी गाडी थांबवायची कशी?

फ्रान्समध्ये ल मां शहरी मोठी शर्यत होते. ती चोवीस तास चालते. दोन गडी आळीपाळीने गाडी हाकीत. एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची होती. तीत सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता, आणि पुढे एकदम वळण! दर फेरीला तेथे जोराने ब्रेक दाबावा लागे.

आता हाताचे तळवे एकमेकांवर घासून पाहा. गरम झाले ना? ब्रेकही असाच घासतो आणि तापतो. जुने ब्रेक ड्रमचे होते. ड्रम म्हणजे चाकातला डबा. त्याच्या आत लायनर घासे. उष्णता आतच कोंडून राही. ब्रेक फार तापला की पकड सुटे. पाय दाबला तरी गाडी थांबेना!

यावर डिस्क ब्रेकचा उपाय निघाला. सायकलचा ब्रेक आठवा. दोन रबरे दोन्ही बाजूंनी रिंगला चिमटा घेतात. डिस्क ब्रेकही तसाच. चाकाबरोबर लोखंडाची तबकडी फिरते. दोन पॅड तिला चिमटा घेतात. तबकडी उघडी असते, म्हणून वाऱ्याने लवकर निवते. डनलॉप कंपनी विमानांसाठी असे ब्रेक बनवीत होती. तेच जॅग्वारने मोटारीला लावले. १९५३ साली ल मां येथे सी टाईप पहिली आली. तिने चोवीस तासांत ४,००० किलोमीटरांहून जास्त पल्ला मारला. तिला वळणाजवळ इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येत होता.

मग सगळे संकट टळले का? नाही.

११ जून १९५५. तीच शर्यत. पुढची एक जॅग्वार वेग कमी करून थांब्याकडे वळली. तिच्यामागची गाडी बाजूला सरली. तिच्याही मागून मर्सिडीज भरधाव येत होती. तिला थांबायला अंतरच उरले नव्हते. ती पुढच्या गाडीवर चढली आणि बांधावर आदळली. तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ८० हून अधिक माणसे मेली. ती शर्यत बघायला आली होती. पुढे तेथील रस्ता रुंद केला, प्रेक्षकांच्या जागा मागे हटविल्या.

हे सारे फार दूरचे वाटते का? जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या रस्त्याला उभी असलेली मोटारसायकल पाहा. पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या चाकाला भोकांची तबकडी दिसेल. तोच हा डिस्क ब्रेक!

ब्रेक चांगला, म्हणून भरवशावर राहू नका. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एवढी वाट संपते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट वाट लागते. म्हणून उसाच्या ट्रॉलीमागे अगदी चिकटून जाऊ नये. ब्रेक कारखाना देतो. अंतर आपणच ठेवायचे असते.

सांगा पाहू :
१. ड्रमचा ब्रेक तापला की काय होते?
२. डिस्क ब्रेक लवकर का निवतो?
३. तुमच्या घरच्या गाडीला कोणता ब्रेक आहे? आज जाऊन पाहा.